शाईत लिहिलेली एकोणतीस वर्षं

टॅमरॅकमध्ये एखाद्याला एखादी गोष्ट पटली नाही की तो विचारायचा, "एमिल म्हणाला का तसं?" एमिल म्हणाला असेल तर विषय तिथेच संपायचा. हवामान सांगणाऱ्यांवर आमचा कधी विश्वास नव्हता, महापौरावर तर नाहीच नाही. आणि पोलादाचा कारखाना बंद होणार नाही असं सांगणाऱ्या साहेबलोकांवर विश्वास ठेवून गाव एकदा पुरतं पोळलं होतं. पण एमिल रुसनाकने रेडिओवर सांगितलं की दोन आउट झाले, तर दोनच झाले. सव्वादोन नाही.

माणूस दिसायला अगदी साधा. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, डोक्यावर कायम तीच तेलकट टोपी. हिवाळाभर तो शाळेची बस चालवायचा आणि एप्रिल उजाडला की स्टोकर्सच्या मैदानावर, स्टँडच्या माथ्यावरच्या लाकडी खोपटात मायक्रोफोनपुढे जाऊन बसायचा. स्टोकर्स म्हणजे आमचा बेसबॉलचा संघ. भट्टीत कोळसा ढकलणाऱ्या कामगारांवरून नाव पडलेला, पगारी खेळाडूंचा, मोठ्या लीगपासून दोन पायऱ्या खाली असलेला. चांगलं निघालेलं पोरगं दोन वर्षांत वर जायचं आणि गुडघे गेलेला एखादा वरून खाली यायचा. खेळाडू येत-जात राहिले, कारखाना गेला, कारखान्यामागोमाग निम्मं गाव गेलं. एमिलचा आवाज तेवढा १९६३पासून जागचा हलला नव्हता.

त्या आवाजाला एक खोड होती, आणि ती लावली होती तेता ऑल्गाने. तेता म्हणजे मावशी. आमच्या आज्यांची स्लोव्हाक बोली कधीच गेली, असे चार-दोन शब्द मागे राहिले. त्या पहिल्या वर्षी, एमिलच्या कॉमेंट्रीच्या तिसऱ्या आठवड्यात, स्टोकर्सच्या एका फलंदाजाने चेंडू असा काही उंच मारला की एमिल खुर्चीवरून उठून ओरडला, "गेला! कुंपणापलीकडे गेला! जिंकलो!" चेंडू कुठेही गेला नव्हता. कुंपणाला पाठ लावून उभ्या असलेल्या समोरच्या संघाच्या पोराने तो अलगद झेलला. दुसऱ्या दिवशी रेडिओ स्टेशनवर फोन आला.

"एमिल रुसनाक तूच का? मी ऑल्गा बेरेश. फर्नेस स्ट्रीटवरची."

"बोला, तेता."

"माझा नवरा चार महिने अंथरुणाला खिळलाय. कारखान्याची धूळ बसलीय छातीत. काल तुझं ऐकून तो उठून बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा. टाळ्या पिटल्या त्याने. आणि मग तू म्हणालास, झेलला."

एमिलने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवा झाला तो. तर एक ध्यानात ठेव, पोरा. बॉल आधी पडू दे. जमिनीला टेकला की मग तोंड उघड."

ऑल्गाचा नवरा त्याच जुलैत गेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, तसं एमिलने पुढची एकोणतीस वर्षं केलं. चेंडू हवेत असला की तो नुसतं सांगायचा, "वर आहे... अजून वर आहे... डावीकडचा गडी मागे सरकतोय..." आणि गप्प व्हायचा. सगळं गाव त्याच्याबरोबर श्वास रोखून बसायचं. मग एकच शब्द यायचा, "पडला!" गल्लीतली पोरं खेळतानासुद्धा तसंच ओरडायची. एखाद्याचं लग्न ठरतंय असं कानावर आलं तरी बायका म्हणायच्या, "पडू दे गं आधी."

नवरा गेल्यावर ऑल्गाने त्याची स्कोअरची वही पुढे चालवली. रेडिओ खिडकीत, वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि दर सामन्याला एक पान. आता बेसबॉलचा स्कोअर सगळं जग पेन्सिलीने लिहितं. पंच निर्णय फिरवतो, कॉमेंट्रीवाला आधी एक बोलतो आणि मग दुसरंच, त्यामुळे खोडावं लागतंच. ऑल्गा लिहायची निळ्या शाईच्या पेनाने. कुणी हटकलं तर म्हणायची, "एमिल सांगतोय ना? मग खोडायचंय कशाला?"

हे एमिलच्या कानावर आलं होतं. तो त्यावर कधी काही बोलला नाही. पण त्याची बायको रोझ सांगायची की नवऱ्याला आयुष्यात मिळालेलं एकच बक्षीस ते, आणि ते दुसऱ्याच्या घरात ठेवलेलं आहे.

१९९२चा हंगाम आम्ही नवस बोलून मागितला असता तरी असा मिळाला नसता. मे महिन्यात संघाने ओळीने अकरा सामने मारले. नदीवरचं धुकं मैदानावर उतरलं त्या दिवशी तर चेंडू कुठे गेला ते कुणालाच दिसेना. एमिल प्रामाणिकपणे म्हणाला, "मला दिसत नाही. पंचालाही दिसत नाहीये. पण आपला डुएन टिल्मन हसत पळतोय, म्हणजे बातमी चांगली असावी." जूनमध्ये राउल किंतेरो या व्हेनेझुएलाच्या डावखुऱ्या पोराने सामन्याच्या नऊच्या नऊ इनिंग टाकल्या आणि समोरच्या संघाला एकही फटका मारू दिला नाही. असा पराक्रम घडत असताना त्या पराक्रमाचं नाव घ्यायचं नसतं. नाव काढलं की मोडलंच. चेंडू टाकणाऱ्या त्या पिचरशेजारी बाकावर कुणी बसतसुद्धा नाही. एमिलनेही ते तोंडातून काढलं नाही. सहाव्या इनिंगपासून तो दर इनिंग संपली की टेबलावर बोटाने दोनदा टकटक करत राहिला आणि ज्याला समजायचं त्याला समजलं. ऑल्गाच्या शेगडीवर कोबीची भाजी करपली, पण ती खुर्चीवरून उठली नाही. हलली असती तर किंतेरोचं मोडलं असतं, अशी तिची ठाम समजूत होती.

जुलैत टिल्मनने मारलेला चेंडू कुंपण ओलांडून रेल्वेच्या रुळांवर गेला आणि चालत्या मालगाडीच्या डब्यात जाऊन पडला. "डब्यात पडला," एमिल म्हणाला, "पण गाडी चालू आहे मंडळी. मी अजून काही कबूल करत नाही. ओहायोत जाऊन थांबली की कळवतो." तेवढ्यावर गाव आठवडाभर हसत होतं.

या सगळ्यात एक खडा होता. जूनच्या सुरुवातीला कुजबुज सुरू झाली की दक्षिणेकडच्या मेरिडेल नावाच्या शहराला बेसबॉलचा संघ हवाय, ते नवं कोरं मैदान बांधतायत, आणि त्यांची नजर आमच्यावर आहे. संघाचा मालक क्लिफर्ड डँटन. बाहेरचा, पण तीन वर्षांत गावात दुधातल्या साखरेसारखा मिसळलेला. चर्चच्या तळघरात शुक्रवारी बायका विकायला पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, करत बसतात, तिथे बाह्या सरसावून पीठ मळायला उभा राहायचा. प्रत्येकीच्या नातवाचं नाव त्याला पाठ.

कुजबुज वाढली तसा एका संध्याकाळी, पाचव्या इनिंगनंतर, डँटन एमिलच्या खोपटात आला. शेजारी बसला. एमिलच्या खांद्यावर हात ठेवला.

"एमिल, इकडे बघा. संघ कुठेही जाणार नाही. तुम्ही लोकांना सांगा."

"तुम्हीच सांगा की. हा माइक घ्या."

"माझं ऐकणार नाहीत ते. तुमचं ऐकतील."

"डँटनसाहेब, माझ्या तोंडून गेलं की ते गेलं. मी एकदा बोललेलं फिरवत नसतो."

"माझा शब्द आहे, एमिल."

आता एरवी हवेतला चेंडू टेकेपर्यंत दात आवळून बसणारा माणूस. पण खांद्यावरचा हात ऊबदार होता, मालक स्वतः जिना चढून आला होता, आणि एमिलला जे ऐकायचं होतं तेच तो बोलत होता. एमिलने बटण दाबलं. "मंडळी, डँटनसाहेब आत्ता माझ्या शेजारी बसलेत. स्टोकर्स टॅमरॅक सोडून कुठेही जाणार नाहीत." इथे थांबला असता तरी भागलं असतं. पण त्याने पुढे जोडलं, "हे मी सांगतोय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून कुजबुज बंद. उलट गाव असं काही पेटून उठलं की एका रविवारी चर्च सुटल्यावर सगळेजण ब्रश घेऊन मैदानावर गेले आणि स्टँडमधली सगळी बाकं हिरवी रंगवून टाकली. एकोणऐंशी वर्षांची ऑल्गा घडीची खुर्ची टाकून बसली आणि तिने बाकांवर पांढऱ्या रंगात आकडे काढले. डँटनने फोटो काढून घेतले, भरपूर. ते कशासाठी हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. आम्ही आपले दात काढून उभे.

ऑगस्टच्या मध्यावर त्याने एमिलला ऑफिसात बोलावलं. "या हंगामातले उत्तम क्षण काढा. बारा मिनिटं. तुमचा आवाज, मागे लोकांचा जल्लोष. लीगच्या वार्षिक मेजवानीत वाजवायचं म्हणतोय."

एमिल लाजला. "माझा आवाज? मेजवानीत?"

"तुमचाच. आणि हो, गावाचं नाव तेवढं काढून टाका. संघाचं राहू द्या. काय आहे, सगळ्या गावांचे लोक असणार. प्रत्येकाला आपलंसं वाटलं पाहिजे."

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर एमिलने टेपची रिळं मांडली, दाढीचं नवं पातं काढलं आणि कामाला बसला. टेप पुढे-मागे फिरवून शब्द शोधायचा, दोन्हीकडे खूण करायची, पात्याने तेवढा तुकडा कापायचा आणि टोकं चिकटवायची. रोझ शेजारी टोमॅटो उकडून बाटल्यांत भरत होती. टेबलावरच्या मशिनीतून तिच्या नवऱ्याचा आवाज पुन्हा पुन्हा म्हणत होता, "टॅमरॅकच्या पोरांनी..." आणि मग नुसतंच "पोरांनी..."

"हे काय करतोयस?"

"नाव काढतोय गावाचं. लीगची पद्धत आहे."

"कसली पद्धत? एकोणतीस वर्षांत ऐकली नाही मी."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"मला टोमॅटोतलं कळतं," रोझ म्हणाली. "नासका असला की वास येतो."

एमिलने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. एकतीस ठिकाणी नाव होतं, एकतीस ठिकाणी त्याने ते कापलं. टेप फेकायची त्याला सवय नव्हती, म्हणून बोटभर लांबीचे ते तुकडे कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकले. काम मात्र देखणं झालं होतं. एकही सांधा ऐकू येत नव्हता. आपल्या हाताला अजून कसब आहे, असं वाटून तो स्वतःवरच खूश झाला, आणि मेजवानीला कोणता कोट घालायचा याचा विचार करत झोपला.

संघ अंतिम फेरीत पोचला. चार सामन्यांत दोन-दोन अशी बरोबरी, आणि पाचवा, शेवटचा, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी आमच्या मैदानावर. मोठ्या सामन्याच्या सकाळी केस कापून घ्यायची एमिलची रीत होती. तो साल फुस्कोच्या दुकानात शिरला तेव्हा आत सहा-सात जण होते आणि कुणीच बोलत नव्हतं. न्हाव्याच्या दुकानात कुणी बोलत नाही म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

"कोण गेलं?" एमिलने विचारलं.

साल म्हणाला, "बस." मग म्हणाला, "माझा मेव्हणा मेरिडेलला असतो, माहितीय ना? तिकडच्या टीव्हीवर त्यांच्या नगरसभेची बैठक दाखवली. त्याने कॅसेट भरून पाठवली. आज सकाळी आली."

त्याने बटण दाबलं. खरखर झाली आणि एमिलचा आवाज दुकानात घुमला. "वर आहे... अजून वर आहे... पडला! पडला! अख्खं स्टँड उभं राहिलंय!" मागे जल्लोष, आमचाच. किंतेरोचे शेवटचे तीन चेंडू. मालगाडीचा किस्सा. धुकं. मग एक गोड आवाज म्हणाला, "मंडळी, हा संघ आणि हा जल्लोष एप्रिलपासून आपल्या मेरिडेलचा. मेरिडेल स्टोकर्स!" आणि टाळ्या. ज्यांनी जन्मात भट्टी पाहिली नाही त्यांच्या टाळ्या.

सालने कॅसेट थांबवली. "गावाचं नाव कुठे गेलं रे, एमिल?"

एमिलने टोपी काढून समोरच्या फळीवर ठेवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी गत. तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

"टेप कुणी जोडली?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"मी जोडली. पण ती मेजवानीसाठी... डँटन म्हणाला होता..."

"जूनमध्येपण डँटनच म्हणाला होता ना? आणि तू म्हणालास, हे मी सांगतोय."

"अरे, मला काय ठाऊक..."

"किती दिले रे तुला?"

हा प्रश्न विचारणारा माणूस एमिलच्याच बसमधून शाळेला गेलेला. एमिलने त्याच्याकडे पाहिलं, टोपी उचलली आणि केस न कापता बाहेर पडला. कुणी त्याला थांबवलं नाही. आम्हीच ते. आज लाज वाटते, पण त्या सकाळी वाटली नाही.

तो तडक डँटनच्या ऑफिसात गेला. डँटन खोकी भरत होता. लपवायचं आता काही उरलंच नव्हतं.

"तुम्ही मला शब्द दिला होता," एमिल म्हणाला.

"एमिल, बसा. जूनमध्ये जे बोललो ते जूनमध्ये खरं होतं."

"मग ऑगस्टमध्ये? टेप करायला सांगितलीत तेव्हा?"

डँटनने खोक्यात एक फ्रेम नीट बसवली. "सांगितलं असतं तर केली असती टेप तुम्ही?"

"नसती केली."

"मग झालं तर." तो हसला, तेच पिरोगीवालं हसू. "हे बघा, तुमचा आवाज तिथे सगळ्यांना फार आवडलाय. चला आमच्याबरोबर. थंडगार केबिन आहे. बर्फ नाही, शाळेची बस नाही."

एमिल बसला नाही. तो भांडखोर नव्हता, शिव्या त्याला कधी जमल्या नाहीत. "केसाने गळा कापलात माझा," तो म्हणाला. "आणि माझ्याच हातांनी कापून घेतलात." एवढं बोलून तो जिना चढून आपल्या खोपटात गेला, कारण दोन वाजता सामना होता आणि रेडिओ लावून बसलेलं कुणीतरी असेलच, असं त्याला वाटलं.

पहिला चेंडू पडायच्या आधी तो माइकवर बोलला. "जूनमध्ये मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. ती खोटी निघाली. मी खातरजमा न करता बोललो. मला फसवलं, पण तुम्हाला मी सांगितलं होतं. मला माफ करा." मग घसा साफ केला आणि हवामान सांगितलं, खेळाडूंची नावं सांगितली आणि कॉमेंट्री सुरू केली.

स्टँड भरलेलं होतं. लोक आले, आपणच रंगवलेल्या हिरव्या बाकांवर बसले आणि हात मांडीवर ठेवून गप्प राहिले. कुणी ठरवलं नव्हतं. नऊ इनिंग एक टाळी नाही, एक शिट्टी नाही. खेळाडू बिचारे कावरेबावरे होऊन वर बघत होते. त्यांचा काय दोष? पण कीव करायलाही मन मोकळं लागतं. शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये बरोबरी असताना टिल्मनने चेंडू उचलला. वर आहे, एमिल म्हणाला. अजून वर आहे. मागचा गडी कुंपणाला टेकला. आणि मग, "पडला." ओरडला नाही, नुसतं म्हणाला. बावीस वर्षांनी टॅमरॅक अजिंक्य ठरलं आणि मैदानावर फक्त टिल्मनच्या बुटांचा आवाज येत होता. मैदानाची फेरी पुरी करताना तिसऱ्या बेसच्या कोपऱ्यावर पोचल्यावर त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं.

रविवारी चर्च सुटल्यावर एमिल फर्नेस स्ट्रीटला गेला. काखेत कॉफीचा डबा. एकोणतीस वर्षांत ऑल्गाच्या घरी तो दोन-तीनदाच गेला असेल. गरज पडली नव्हती, तो तर रोजच तिच्या खिडकीत असायचा. बाकी गाव काय म्हणतं त्याची त्याला आता पर्वा नव्हती. ही एकटी बाई काय समजते तेवढंच त्याला हवं होतं.

ऑल्गाने दार उघडलं, टेबलाशी बसवलं, कॉफी ओतली, अक्रोडाचा रोल कापून पुढे ठेवला. पाहुण्याशी जे करायचं ते तिने सगळं केलं. खिडकीतला रेडिओ भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. त्याची वायर काढून वर गुंडाळलेली होती.

"तेता, काल मी रेडिओवर माफी मागितली."

"मी ऐकलं नाही. शुक्रवारपर्यंत ऐकलं. काल साल येऊन ती कॅसेट लावून गेला, मग नाही लावला."

"मला खरंच माहीत नव्हतं हो." त्याने डबा उघडून टेबलावर पालथा केला. चकचकीत तपकिरी तुकडे पसरले. "हे बघा. एकतीस आहेत. मी फेकले नाहीत. सगळे ठेवलेत."

ऑल्गाने एक तुकडा उचलून उजेडात धरला. "यावर काय आहे?"

"टॅमरॅक."

"आणि यावर?"

"तेच."

"म्हणजे त्याने नुसतं सांगितलं. कापलंस तू."

एमिलने मान खाली घातली. एक तुकडा बोटांत फिरवत राहिला. मग तो म्हणाला, "रोझ म्हणाली होती. वास येतोय म्हणाली होती. पण मला वाटलं, मेजवानी आहे, बाहेरची माणसं असतील. इतक्या वर्षांत बाहेरचं कुणी माझं ऐकलं नव्हतं, तेता. हाव सुटली मला. दुसरं काही नाही."

"ते खरं बोललास," ऑल्गा म्हणाली.

ती उठली आणि कपाटातून दोन वह्या घेऊन आली. एक या वर्षीची, कोपरे दुमडलेली. दुसरी नवी, वरचा प्लास्टिकचा कागदही न काढलेली. नवी तिने त्याच्यापुढे ठेवली. त्यावर सुबक निळ्या अक्षरांतली चिठ्ठी चिकटवलेली होती, १९९३.

"जूनमध्ये तू म्हणालास ना, हे मी सांगतोय? दुसऱ्या दिवशी बस पकडून गेले आणि घेऊन आले. एकोणऐंशीव्या वर्षी पुढच्या उन्हाळ्याची वही घ्यायला धीर लागतो, एमिल. मी तुझ्या जिवावर घेतली."

एमिलला वाटलं, सालच्या दुकानातला तो प्रश्न पुन्हा ऐकलेला परवडला. त्याने नव्या वहीला हात लावला नाही. डोळे मात्र भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

ऑल्गाने जुनी वही उघडली. पानामागून पान निळं. अकरा विजय, धुकं, किंतेरोचा सामना, मालगाडी. कुठेही खाडाखोड नाही. शेवटचं पान कोरं होतं. वर फक्त तारीख होती.

"जिंकलो म्हणे काल," ती म्हणाली.

"जिंकलो."

"पान कोरं ठेवायला मला आवडत नाही. तुला आठवतंय सगळं?"

"एकूण एक बॉल."

"मग सांग. पहिल्यापासून."

एमिल सावरून बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, घसा साफ केला. ऑल्गाने सवयीने वहीशेजारचं निळं पेन उचललं, टोपण काढलं. क्षणभर ते हातात धरून बसली. मग टोपण परत लावलं, टेबलाचा खण ओढून पेन आत ठेवलं आणि दोरे, बटणं, जुन्या किल्ल्या बाजूला सारत आत चाचपत राहिली. एक पेन्सिल सापडली. टोक मोडकं होतं. तिने रोल कापायच्या सुरीने ते नीट तासलं, मागचं रबर अंगठ्याने चोळून साफ केलं आणि वही जवळ ओढली.

"हं," ती म्हणाली. "बोल."